सही न केल्यास चालेल

२०२२ सालच्या जुलै महिन्यातली गोष्ट. आमच्या खानापूर भागातला पाऊस शाळेच्या कौलांवर ताशा वाजवीत होता आणि मी दहावीच्या हजेरीपत्रकात डोके घालून बसलो होतो. एवढ्यात मोबाइल वाजला. नंबर अनोळखी. पलीकडचा माणूस हिंदीत बोलत होता. त्याने एक नाव घेतले आणि या माणसाला ओळखता का, म्हणून विचारले. नाव आमच्या शाळेतल्या शिपाईमामांचे होते. मी सरळपणाने हो म्हणालो. त्यानंतर त्या गृहस्थाने दोन मिनिटे जे ऐकवले, ते माझ्या इतक्या वर्षांच्या नोकरीत मला कोणी ऐकवले नव्हते. मामांनी कर्ज बुडवले आहे, ते चोर आहेत, तुम्ही त्यांचे जामीन आहात, तेव्हा पैसे तुम्ही भरा, नाहीतर शाळेत येऊन तमाशा करू.

मी जामीन? कुठल्या कागदावर? कधी सही केली? मी विचारीपर्यंत फोन बंद झाला होता.

मधल्या सुट्टीत शिक्षकखोलीत गेलो तर तिथे हाच विषय. सात-आठ शिक्षकांना असेच फोन येऊन गेले होते. एका बाईंना तर मामांचा फोटो आला होता, खाली हिंदीत 'चोर' असे लिहिलेला. दुपारपर्यंत गावातल्या किराणा दुकानदाराला, पिठाच्या गिरणीवाल्याला आणि मामांच्या व्याह्यांनासुद्धा फोन गेल्याचे कळले. आणि ज्यांच्यासाठी हे चालले होते ते मामा तीन दिवसांपासून शाळेला आले नव्हते. 'ताप आलाय' असा निरोप होता.

त्या रात्री मला झोप लागेना. आठवण येत होती ती वडिलांची.

माझे वडील आमच्या गावच्या ब्रँच पोस्टाचे मास्तर. पोस्ट म्हणजे आमच्याच घराची पडवी. एक टेबल, शिक्के मारायची काळी गादी, तराजू आणि खिळ्याला अडकवलेला तारेचा आकडा. गावातली निम्मी तरणी मुले पलटणीत, उरलेली मुंबईच्या गिरण्यांत. त्यांची पत्रे यायची आणि वाचता न येणाऱ्या आया-बायका ती घेऊन आमच्या पडवीत बसायच्या. वडील पत्र वाचून दाखवायचे, उत्तरही लिहून द्यायचे. कुणाचा मुलगा दारूला लागला, कुणाच्या नवऱ्याने तिकडे दुसरा घरोबा केला, कुणाचे किती देणे थकले, सगळे गाव त्यांच्या डोळ्यांखालून जायचे. एकदा आईने सहज विचारले, "त्या वरच्या आळीतल्या सूनबाईला आज काय पत्र आलं हो? रडत गेली." वडिलांनी चष्मा पुसला आणि म्हणाले, "पत्र ज्याचं त्याचं. मी फक्त डोळे उसने दिले." त्यानंतर आईने कधी विचारले नाही.

टपालखात्याच्या माणसाने परक्याचे पत्र अकारण उघडणे हा १८९८ च्या टपाल कायद्यात गुन्हा होता. पण वडिलांना ते कलम पाठ असावे असे मला वाटत नाही. त्यांना एवढेच ठाऊक होते की आपल्या हातातून जाणारी वस्तू आपली नसते.

रविवारी मी मामांच्या घरी गेलो. मामा मागच्या पडवीत, भाताच्या कणगीच्या आडोशाला बसले होते. मला बघून उठले आणि मान खाली घालून उभे राहिले. ताप वगैरे काही नव्हता. थोरल्या मुलीचे बाळंतपण आले होते, पगार व्हायला दहा दिवस होते, आणि मोबाइलवर झटपट कर्जाची जाहिरात दिसली होती. चार हजार मागितले, हातात आले अडीच हजार. बाकीचे 'फी' म्हणून आधीच कापलेले. सातव्या दिवशी पुरे चार हजार परत मागितले. ते जमेनात, तशी फोनाफोनी सुरू झाली.

मी विचारले, "मामा, माझा नंबर तुम्ही दिलात काय त्यांना?"

"न्हाई ओ सर. देवाशपथ. मी कुणाचाच नंबर दिला न्हाई. त्यांनी इचारलंच न्हाई."

"मग त्यांच्याकडे गेला कसा? ते ॲप घेताना काय काय दाबलंत?"

"आधारचा फोटो काढला, तोंडाचा फोटो काढला. मग चौकटी आल्या एकापाठी एक. इंग्रजीत. मी सगळ्याला 'अलाऊ' म्हटलं."

"न वाचता?"

मामांनी मान वर केली. त्यांच्या डोळ्यांत तक्रार नव्हती, आणि तेच मला जास्त लागले. ते म्हणाले, "तुम्हीच सांगितलासा न्हवं सर, मीटिंगीत? चौकट आली की अलाऊ म्हणायचं, इचार करत बसायचं न्हाई म्हणून?"

मी घरी आलो तो हे वाक्य बरोबर घेऊनच.

मीटिंग मला स्वच्छ आठवत होती. २०२० च्या मार्चमध्ये शाळा बंद झाल्या. पुढे संस्थेने एका खाजगी कंपनीचे ॲप घ्यायचे ठरवले. त्यात गृहपाठ येणार, हजेरी लागणार, चाचण्या होणार. पालकांना चार-चार, पाच-पाच जणांच्या गटाने बोलावून, तोंडाला फडकी बांधून, मी स्वतः त्यांच्या फोनवर ते ॲप घालून दिले होते. मामा बाके मांडायला होते आणि त्यांचा धाकटा त्या वेळी आमच्याच शाळेत असल्यामुळे पालक म्हणूनही होते. बायका विचारायच्या, "सर, हे काय इचारायलंय?" मी म्हणायचो, "काही नाही, अलाऊ दाबा. पुढं चला." एका आईने विचारले होते, "हे न्हाई घातलं तर चालंल काय?" मी म्हणालो होतो, "न चालायला काय झालं? पण मग मुलाची हजेरी लागायची नाही." परिपत्रकातही तसेच छापले होते. खाली माझी सही, शिक्क्यासकट.

आमच्या भागातल्या माणसाला न वाचता सही करायची सवय काही नवी नाही. शेताचा उतारा कन्नडात, बँकेचा फॉर्म इंग्रजीत, आणि खाली अंगठा किंवा सही मराठीत. 'इथं सही करा' असे कोणी बोट ठेवून दाखवले की आपला माणूस सही करतो. कारण बोट ठेवणारा शिकलेला असतो. त्या मीटिंगमध्ये ते बोट माझे होते. मामांनी कर्जाच्या ॲपवर जे केले, तो मी शिकवलेला धडाच होता. त्यांनी तो पाठ करून दाखवला, इतकेच.

आमच्या शाळेत संगणक शिकवणारे एक तरुण सर आहेत. दुसऱ्या दिवशी त्यांना खोलीत बोलावले, दार लावून घेतले आणि म्हणालो, "मला पहिलीतल्या मुलाला सांगतात तसे सांगा." त्यांनी फार चांगले सांगितले, म्हणून इथे लिहितो.

फोन म्हणजे एक जुना वाडा समजा. त्यात घातलेले प्रत्येक ॲप हा एक भाडेकरू. प्रत्येकाची खोली वेगळी आणि एकाला दुसऱ्याच्या खोलीत डोकावता येत नाही. फोनची मूळ यंत्रणाच तशी भिंत घालते. पण काही वस्तू मालकाच्या माजघरात असतात: नंबरांची वही, कॅमेरा, मायक्रोफोन, फोटो, आणि आपण या घटकेला कुठे आहोत ती जागा. भाडेकरूला त्या हव्या असतील तर मालकाला विचारावे लागते. त्या चौकटी म्हणजे हे विचारणे. अँड्रॉइड फोनवर पूर्वी भाडेकरू बिऱ्हाड करतानाच सगळ्या किल्ल्या मागायचा. देत असाल तर येतो, नाहीतर नाही. २०१५ साली आलेल्या सहाव्या आवृत्तीपासून प्रत्येक दाराशी वेगळे विचारावे लागू लागले. २०१९ पासून 'ॲप उघडे असेल तेवढ्यापुरतीच जागा सांग' असे म्हणता येऊ लागले. २०२० पासून 'या एका वेळेपुरते' अशी सोय झाली आणि बरेच दिवस न वापरलेल्या ॲपच्या किल्ल्या आपोआप काढून घेतल्या जाऊ लागल्या. २०२१ पासून कोणी मायक्रोफोन किंवा कॅमेरा वापरू लागले की पडद्याच्या वरच्या कोपऱ्यात हिरवा ठिपका उमटतो. ॲपलच्या फोनांतही अशाच सोयी आल्या; दुसऱ्यांच्या ॲपांत आणि संकेतस्थळांवर तुमचा माग काढायचा असेल तर आधी विचारलेच पाहिजे, ही सक्ती त्यांनी एप्रिल २०२१ मध्ये केली.

"म्हणजे कुलपे आहेत," मी म्हणालो.

"आहेत सर. पण ती तुमच्या 'नाही'वर चालतात. तुम्ही 'हो' म्हटलंत की कुलूप काय करणार?"

मग त्यांनी अमेरिकेतली एक गोष्ट सांगितली. तिथे फोनची बॅटरी पेटवणारे एक साधे ॲप होते, 'ब्रायटेस्ट फ्लॅशलाइट' नावाचे. काम एकच, उजेड पाडणे. कोट्यवधी लोकांनी ते घेतले होते. हे ॲप माणूस कुठे आहे ती जागा आणि त्याच्या फोनची ओळखखूण जाहिरातवाल्यांना पाठवीत होते. तिथल्या केंद्रीय व्यापार आयोगाने २०१३ च्या डिसेंबरात हे प्रकरण उघड केले. त्यातला सर्वांत बोलका तपशील असा, की सुरुवातीला अटी दाखवून खाली 'मान्य' आणि 'अमान्य' अशी दोन बटणे होती. पण माणसाने त्यातले कुठलेही दाबण्याआधीच माहिती जायला लागलेली असे. बटणे शोभेची होती. गोळा केलेली माहिती पुसून टाकायला आयोगाने त्या कंपनीला भाग पाडले.

आमच्याकडे वीज गेली की बॅटरी लागतेच. माझ्याही फोनवर असेच एक बॅटरीचे ॲप होते.

"आणि सर," ते म्हणाले, "ॲप करणारा सगळं स्वतः करत नाही. जाहिरातीचा तुकडा एका कंपनीचा आणतो, वापराचा हिशेब ठेवणारा तुकडा दुसरीचा. ते सगळे त्याच खोलीत राहतात. भाडेकरूला दिलेली किल्ली त्या पाहुण्यांच्याही हाती पडते."

मी माझा फोन त्यांच्यापुढे केला. "आपल्या शाळेचं ॲप बघा."

सेटिंगमध्ये परवानग्यांची यादी असते, हे मला तोवर माहीत नव्हते. आमच्या ॲपच्या नावापुढे नंबरांची वही: अलाऊ. मायक्रोफोन: अलाऊ. जागा: अलाऊ, तीही चोवीस तास. गृहपाठ दाखवायला माझी नंबरांची वही कशाला लागते? नववीतली मुलगी रात्री कुठे झोपते हे चाचणी घेणाऱ्याला कशाला हवे? त्यातून काय गेले, किती गेले, हे मी आजही सांगू शकत नाही. आणि चोरून नेलेल्या माहितीची हीच मेख आहे. घरातले भांडे गेले तर फळी रिकामी दिसते. इथे वही जागच्या जागी असते आणि तरी गेलेली असते.

आमचेच ॲप तेवढे वाईट होते असेही नाही. ह्यूमन राइट्स वॉच या संस्थेने मे २०२२ मध्ये ४९ देशांतल्या दीडशेहून अधिक शैक्षणिक ॲप आणि संकेतस्थळांची तपासणी प्रसिद्ध केली होती. महामारीत सरकारांनी शिफारस केलेली ही साधने. दहातली जवळजवळ नऊ मुलांच्या हक्कांना बाध येईल अशा रीतीने माहिती हाताळीत होती. म्हणजे जगभर माझ्यासारखे अनेक हेडमास्तर 'पुढं चला' म्हणत होते. पण चुकीला सोबत मिळाली म्हणून चूक हलकी होत नाही.

मग मी कायदा वाचायला घेतला. मास्तराला दुसरे काय येते?

याचा पाया घातला तो आपल्याच राज्यातल्या एका वृद्ध गृहस्थांनी. कर्नाटक उच्च न्यायालयाचे निवृत्त न्यायमूर्ती के. एस. पुट्टस्वामी यांनी २०१२ साली, वयाच्या पंच्याऐंशीनंतर, आधार योजनेविरुद्ध सर्वोच्च न्यायालयात अर्ज केला. त्यातून प्रश्न निघाला की खाजगीपणा हा मूलभूत हक्क आहे काय. नऊ न्यायमूर्तींच्या पीठाने २४ ऑगस्ट २०१७ रोजी एकमताने सांगितले, की आहे. जगण्याच्या हक्कातच तो आहे. मुख्य निकालपत्र धनंजय चंद्रचूड यांचे. आणीबाणीत, १९७६ साली, ज्या बहुमताच्या निकालात त्यांचे वडील यशवंतराव चंद्रचूड सामील होते, तो निकालही या मुलाने याच निकालपत्रात चुकीचा ठरवला. वडिलांची चूक इतक्या शांतपणे दुरुस्त करता येते, हे वाचून मी थोडा वेळ पुस्तक मिटून बसलो. माझ्या घरात गोष्ट उलटी होती. वडील बरोबर होते आणि चूक मुलाची होती.

मामांच्या प्रकरणानंतर दोन महिन्यांतच, २ सप्टेंबर २०२२ रोजी, रिझर्व्ह बँकेने डिजिटल कर्जांविषयी नियम काढले. कर्ज देणाऱ्या ॲपने फोनमधली नंबरांची वही, कॉलची नोंद, फाइली आणि फोटो यांना हात लावायचा नाही. कॅमेरा किंवा जागा हवी असेल तर ओळख पटवण्यापुरती, एकदाच आणि स्पष्ट विचारून. गूगलनेही २०२३ च्या मे अखेरीपासून आपल्या दुकानातल्या कर्जाच्या ॲपना नंबर आणि फोटो घ्यायला मनाई केली. अर्थात जो नियमच मानीत नाही, तो दुकानाबाहेरून लिंक पाठवतो. मामांना घेऊन मी पोलिसांत गेलो, तेव्हा त्या कंपनीचा पत्ता कुठेच सापडला नव्हता. १९३० या सरकारी मदत क्रमांकाची ओळख मला तिथेच झाली.

आणि मग २०२३ च्या ऑगस्टमध्ये डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायदा झाला. त्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये निघाले आणि कंपन्यांवरच्या मुख्य बंधनांना अठरा महिन्यांची मुदत दिली गेली. कायद्यात पळवाटा नाहीत असे नाही. सरकारने स्वतःसाठी राखलेली सूट मोठी आहे आणि तिच्यावर जाणत्यांनी टीका केली आहे. तरीही त्यातल्या दोन गोष्टी मला हेडमास्तर म्हणून जवळच्या वाटल्या.

पहिली गोष्ट संमतीची. कायद्यातच एक उदाहरण दिले आहे. एक बाई घरबसल्या डॉक्टरचा सल्ला देणारे ॲप घेते. ते ॲप उपचारासाठी माहिती मागते आणि जोडीला तिच्या फोनमधले नंबरही मागते. ती दोन्हींना हो म्हणते. कायदा म्हणतो, नंबर उपचाराला लागत नाहीत. तेव्हा तिची संमती उपचारापुरतीच धरायची. मी हे तीनदा वाचले. फोनचे कुलूप आपल्या 'नाही'वर चालते. कायदा आपल्या 'हो'लाही कुंपण घालतो. घाईने, भीतीने, कुणाच्या तरी सांगण्यावरून म्हटलेल्या 'हो'चा कोणी वाटेल तसा अर्थ लावायचा नाही. मामांच्या 'अलाऊ'ला असे कुंपण तेव्हा असते तर?

दुसरी गोष्ट भाषेची. माहिती कशासाठी घेतो याची सूचना इंग्रजीत किंवा घटनेच्या आठव्या अनुसूचीतल्या कोणत्याही भाषेत वाचण्याचा पर्याय माणसाला दिला पाहिजे, असे कलम आहे. त्या बावीस भाषांत मराठी आहे आणि कन्नडही आहे. सीमाभागात राहणाऱ्यांना या एका ओळीची किंमत वेगळी सांगायला नको. मामांना त्यांच्या भाषेत विचारावे लागेल, शेजारच्या कन्नड घराला त्यांच्या भाषेत.

मुलांविषयीही कलम आहे. अठरा वर्षांखालील मुलांसाठी पालकांची पडताळता येईल अशी संमती हवी. त्यांचा माग काढणे, त्यांना हेरून जाहिराती दाखवणे यांना मनाई. मोडल्यास दोनशे कोटी रुपयांपर्यंत दंड. शिकवण्यापुरती आणि मुलांच्या सुरक्षिततेपुरती शाळांना नियमांत काही सूट आहे. मला त्या सुटीचा आनंद झाला नाही. सूट मिळालेल्या माणसाने स्वतःवर अधिक लक्ष ठेवायचे असते.

पण हे सारे नंतरचे. त्याच वर्षी गणपतीच्या सुट्टीनंतर मी पालकसभा घेतली. संस्थेच्या एका सभासदांना ते पसंत नव्हते; 'शाळा मागे पडेल' असे त्यांचे म्हणणे. मी उभा राहिलो आणि आधी माझे परिपत्रक वाचून दाखवले. मग म्हणालो, "हे मी चुकीचं लिहिलं होतं. तुम्हाला न समजलेल्या गोष्टीला मी हो म्हणायला लावलं. ते मी मागे घेतो." सभा गप्प. मास्तर चुकलो म्हणतो याची गावाला सवय नसते. मग संगणकाचे सर आणि दहावीची मुले बाकाबाकांवर बसली आणि एकेका आईला तिच्याच फोनमधली यादी काढून दाखवली. कुठल्या दाराची किल्ली कुणाकडे आहे, आणि ती परत कशी घ्यायची. दीड तास लागला. दोन वर्षांपूर्वी मी हेच 'पुढं चला' म्हणत दोन-दोन मिनिटांत उरकले होते. ज्यांना ॲप नको त्यांच्यासाठी गृहपाठाची वही पुन्हा सुरू केली.

मामा दाराशी उभे होते. सभा संपल्यावर त्यांनी सदऱ्याच्या खिशातून एक छोटी डायरी काढून दाखवली. फोनमधले सगळे नंबर त्यांनी पुसून टाकले होते आणि डायरीत पेनाने लिहून ठेवले होते. "आता न्या म्हणावं," ते म्हणाले. गेलेले नंबर पुसल्याने परत येत नाहीत, हे त्यांना सांगायचे माझ्या जिवावर आले. त्यांचे फोन हळूहळू थांबले. पण गिरणीवाल्याच्या दारावरून जाताना ते अजून मान खाली घालतात. ती मान वर करून देणारे कलम कुठल्या कायद्यात असणार?

तेव्हापासून शाळेच्या प्रत्येक परिपत्रकाखाली मी दोन ओळी छापतो: 'वाचून समजल्याशिवाय सही करू नये. सही न केल्यास चालेल.' संस्थेत यावर थट्टा झाली. सही नको तर कागद पाठवता कशाला, असे एकाने विचारले. मला उत्तर सुचले नाही, पण ओळी मी काढल्या नाहीत.

पहिल्या परिपत्रकाचे कागद परत आले. सहलीचे परिपत्रक होते, साधेच. सगळ्यांवर सह्या होत्या. वाचून की न वाचता, देव जाणे. एकच कागद कोरा होता. मामांचा. त्यांचा धाकटा सहलीला जाणार आहे, पैसेही भरले आहेत, हे मला ठाऊक होते.

मी मामांना बोलावले. "मामा, सही राहिली काय?"

"न्हाई सर, राहिली न्हाई. केली न्हाई."

"का?"

मामांनी कागदाच्या तळाशी बोट ठेवले आणि पुष्कळ दिवसांनी पहिल्यांदाच हसले.

"चालंल म्हटलंय न्हवं? खरंच चालतंय काय, ते बघत होतो."

मी तो कोरा कागद तसाच फाइलला लावला.